यात कोण राहिलं?

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाईसुद्धा चहाचा कप पुढे करण्याआधी माझं तोंड बघतो आणि मग ठरवतो, कप हातात द्यायचा की टेबलावर ठेवून पळायचं. असू दे. त्या रागाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. माफी या शब्दाचीच मला आता शिसारी आली आहे, आणि ती का आली तेच सांगायला बसले आहे.

मी जव्हारची. वडील एसटी डेपोत होते. पाड्यांवरची माणसं बाजाराला आली की आमच्या आळीतले लोक त्यांच्याशी कसे बोलतात, हे ऐकतच मी मोठी झाले. 'ए, इकडे ये, उन्हात उभा राहा, दुकानात गर्दी नको.' त्या माणसाने टोपलीभर करवंदं आणलेली असायची आणि आमचेच लोक ती चाखत चाखत असं बोलायचे. पुढे शिकले, बीएड केलं आणि फिरून याच भागात मराठीची बाई झाले.

आमची शाळा मोखाड्याच्या रस्त्यावर आहे. खाजगी संस्थेची, अनुदानित. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह. नववीच्या वर्गात निम्मी पोरं गावातली, म्हणजे दुकानदार, कारकून, ड्रायव्हर यांची. निम्मी पाड्यांवरची. त्यांच्यात कुणाच्या घरी वारली बोलतात, कुणाच्या घरी कोकणा, कुणाच्या घरी ठाकरी, आणि सुट्टीत आईबापांबरोबर कामाला गेलेल्यांच्या तोंडात ठाण्याची हिंदी. पुस्तकातली मराठी निम्म्या वर्गाला पाहुण्यासारखी. पाहुण्याला कोण उलट विचारतं? तसं पुस्तकालाही कुणी काही विचारायचं नाही. मी विचारलं, हे खरं कशावरून, की एकच उत्तर यायचं: 'छापलंय ना बाई.' गावातल्या आणि पाड्यावरच्या पोरांचं एवढ्या एका बाबतीत एकमत होतं. माझं डोकं फिरायचं.

म्हणून मी वर्गात एक पद्धत पाडली. कुणीही काहीही मोठ्याने वाचलं, मग तो धडा असो, बातमी असो, स्टँडवरची पाटी असो की खताच्या पिशवीवरचा मजकूर, तर वाचून झाल्यावर खाली बसायच्या आधी तीन उत्तरं द्यायची. कोण सांगतंय? कोणाला सांगतंय? यात कोण राहिलं? वाचणारा विसरला तर अख्ख्या वर्गाने ओरडून विचारायचं. शाळेत ओरडायची परवानगी दुसरीकडे कुठेच नव्हती, त्यामुळे पोरांना हा प्रकार फार आवडला. काही जण तर मुद्दाम विसरायचे.

एकदा कुणीतरी जाहिरातीचा कागद आणला. दाभोशाच्या धबधब्याचा फोटो, खाली लिहिलेलं की निसर्गाच्या कुशीत, माणसांच्या गर्दीपासून दूर, तुमचं हक्काचं फार्महाउस. दाभोशाचा एक मुलगा तो कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, या कोपऱ्यात आमचं घर येतं बाई, यांनी तिथं झाडं दाखवलीत. वर्ग हसला, मग हसायचा थांबला. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही, आणि त्याच वेळी असंही वाटलं की चला, पोरं वाचायला लागली. सहकारी म्हणायचे, मॅडम, हे परीक्षेत येत नाही. नाही येत. जगण्यात येतं, असं मी म्हणायचे आणि ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे.

त्या वर्गात जव्हार तालुक्यातल्याच वांगणीकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. आईबाप दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, होळीला घरी यायचे आणि सण झाला की परत. घरी आजा तेवढा राहायचा. थोरल्या बहिणीची शाळा भट्टीवरच्या धाकट्या भावंडांना सांभाळण्यात संपली होती. ही टिकली ती निव्वळ वसतिगृहामुळे. वसतिगृह सुटलं तर तीही भट्टीवर, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पुढे जे घडलं ते घडवणाऱ्यांनाही चांगलं माहीत होतं. तिला दहावी व्हायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं. नर्सबाई व्हायचं असं एकदाच म्हणाली होती, तेही दुसऱ्या कुणाचं बोलणं सांगावं तसं.

होळी झाल्यावर, वार्षिक परीक्षा तोंडावर असताना, संस्थेकडून रंगीत पोस्टरं आली. मुख्याध्यापकांनी एक आमच्या वर्गाबाहेरच लावलं. पेटलेला डोंगर, पळणारं हरीण आणि खाली मजकूर: इथले रहिवासी अज्ञानापोटी दरवर्षी राब जाळतात आणि जंगल नष्ट करतात, चला, त्यांना शहाणं करू या.

मी ते वाचून घ्यायचं ठरवलं. वाचायला उठली ती गावातली मुलगी. तिच्या वडिलांचं स्टँडजवळ हॉटेल आहे, मुलगी हुशार, आवाज खणखणीत. कोण सांगतंय? संस्था. कोणाला? आपल्याला. कोण राहिलं? ती म्हणाली, कुणी नाही बाई, जाळतातच की, आमच्या गच्चीवरून धूर दिसतो.

वांगणीची मुलगी जागेवरून उठली आणि न विचारता फळ्यापाशी गेली. तिने शेत काढलं, शेताचा एक कोपरा काढला. म्हणाली, एवढंच भाजतात, जिथं रोपं टाकायची तिथं. खाली शेण, वर छाटलेल्या फांद्या, वर पालापाचोळा, वर माती. वारा पडला की पेटवायचं आणि पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट्या अंगाने, म्हणजे आग सरपटत जाते, धावत नाही. आजा हातात ओली फांदी घेऊन शेवटपर्यंत उभा असतो. तण जळतं, राख होते, नागली आणि भात जोमाने उगवतात. गावातल्या मुलीने विचारलं, मग फांद्या तोडता ना? ही म्हणाली, फांद्या तोडतो, झाड नाही तोडत. झाड तोडलं तर पुढल्या वर्षी राबाला काय आणायचं?

मग दोघींची चांगलीच जुंपली. पोस्टरवरचा डोंगर मग कुणी पेटवला, राबाची आग कधी निसटतच नाही का, असं सगळं. वांगणीची म्हणाली, निसटते कधी कधी, मग सगळा पाडा विझवायला धावतो. खोटं बोलली नाही. शेवटी हॉटेलवाल्याच्या मुलीनेच खडू घेतला आणि 'कोण राहिलं' याच्या पुढे लिहिलं: राब भाजणारा माणूस. खडूचा हात फ्रॉकला पुसत जागेवर गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला त्याहून चांगला तास मिळालेला नाही.

आणि मग त्या पोस्टरांच्याच निमित्ताने शाळेत कार्यक्रम झाला. संस्थेचे एक पदाधिकारी नाशिकहून आले. पांढरे कपडे, गोड आवाज, बोलता बोलता डोळे मिटायची सवय. पोस्टर त्यांच्याच कल्पनेतून आलं होतं. हार झाले, नारळ झाला, आणि ते भोळ्याभाबड्या लोकांविषयी बोलायला लागले. पाड्यावरची सगळी पोरं जमिनीवर बसून स्वतःच्या आईबापांचा भोळेपणा ऐकत होती. शेवटी त्यांनी, सगळेच पाहुणे विचारतात तसं, कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं. अशा वेळी कुणी काही विचारायचं नसतं, हे शाळेतल्या सगळ्यांना कळतं. वांगणीची मुलगी मात्र उभी राहिली.

"सर, राब भाजताना तुम्ही बघितलाय का?"

बस, इतकंच. आवाजात उद्धटपणा नव्हता. कोण सांगतंय, त्याने पाहिलंय का, हेच आम्ही वर्षभर विचारत होतो, तेच तिने तिथे विचारलं. पाहुण्यांनी डोळे उघडले. मग हसले. मुलगी धीट आहे, म्हणाले. आणि मुख्याध्यापकांकडे वळून त्याच गोड आवाजात म्हणाले की वसतिगृहात शिस्तीकडे थोडं लक्ष द्यायला हवं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं, तर आभारप्रदर्शन. ते माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही. घाबरट माणसाच्या हातात दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य असलं की तो वाईटच असतो. त्यांचं म्हणणं असं की मुलीने सर्वांदेखत अपमान केला आहे, वरून विचारणा झाली आहे, तेव्हा तिने लेखी माफी द्यावी आणि ती प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर वाचावी. नाहीतर वसतिगृह रिकामं करावं. मी विचारलं, अपमान कोणत्या शब्दाने झाला, तो शब्द मला सांगा. ते म्हणाले, मॅडम, शब्दावर जाऊ नका. मी म्हटलं, मी मराठी शिकवते, मी शब्दावर नाही जाणार तर कशावर जाऊ?

मी बरंच बोलले. परीक्षा तोंडावर आहे, आईबाप भट्टीवर आहेत, आत्ता काढलंत तर ती थेट तिथे जाईल आणि पुन्हा इकडे दिसणार नाही. त्यांना सगळं मान्य होतं. म्हणूनच तर म्हणतो, लिहून द्या आणि विषय संपवा, असं ते म्हणाले. पोरीच्या मानेवर पाय ठेवायचा आणि वर समजूतदारपणाही आपलाच. मी दार आपटून बाहेर आले.

आज्याला निरोप गेला. तो जीपने जव्हारला आणि तिथून पुढे मिळेल त्या गाडीने आला. राब रचून ठेवला होता, वारा पडायची वाट बघत होता, तो तसाच सोडून आला. अंगाला धुराचा आणि शेणाचा वास. केबिनमध्ये पाऊल टाकलं आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने हात जोडले. काय झालं, कुणाचं चुकलं, काही विचारलं नाही. साहेबाच्या खोलीत बोलावलं आहे म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, हे त्याच्या अंगातच भिनलेलं होतं. ते जोडलेले हात बघून माझा असा काही संताप झाला की समोरचं पेपरवेट उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावं असं वाटलं.

"पोर चुकली असल. माफ कर," तो म्हणाला. तो सगळ्यांनाच अरे-तुरे करतो, देवालाही.

मुख्याध्यापकांनी मजकूर तयारच ठेवला होता. मी पाहुण्यांचा अपमान केला. राब जाळणे ही घातक प्रथा आहे हे मला समजले आहे. मी माझ्या घरच्यांना व गावकऱ्यांना या अज्ञानातून बाहेर काढीन. पुन्हा अशी वर्तणूक करणार नाही. मी तो वाचला आणि मुलीला म्हटलं, तू हे लिहायचं नाहीस, मी वर तक्रार करते, बघते कोण तुला काढतं. मला चेव चढला होता. तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"बाई, तुम्ही भांडाल तोवर परीक्षा होऊन जाईल. मला दहावी व्हायचंय."

तिने तो मजकूर स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला. अक्षर मोत्यासारखं. अज्ञान हा शब्द लिहिताना क्षणभर थांबली, आज्याकडे बघितलं आणि लिहून टाकला. आजा कौतुकाने बघत होता. नात केवढं भराभर लिहिते, याचंच त्याला अप्रूप. काय लिहिते आहे ते त्याला कळत नव्हतं, आणि ते त्याला समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वाचन सकाळी प्रार्थनेला व्हायचं होतं. तोवर तिची पत्र्याची पेटी वसतिगृहाबाहेर काढून ठेवायला लावली. माफी नीट वाचली तर पेटी आत, नाहीतर आज्याबरोबर गाडीत. असा हा हिशेब. आजा रात्री शाळेच्या ओट्यावर झोपला. राबाचं काय होईल म्हणून वाऱ्याकडे कान देत होता, असं सकाळी वॉचमनने सांगितलं.

सकाळी सगळे वर्ग मैदानात रांगा करून उभे राहिले. राष्ट्रगीत झालं, प्रार्थना झाली, सगळे खाली बसले, सुविचार झाला. सुविचार सत्याविषयी होता. आपल्याकडे सुविचाराला लाज नसते. मग तिला पुढे बोलावलं. आजा फाटकाजवळ आंब्याखाली पेटीवर बसला होता. मी नववीच्या रांगेच्या टोकाला उभी होते आणि मुलीकडे बघवत नव्हतं म्हणून खाली बघत होते.

तिने वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, स्पष्ट, न अडखळता. अज्ञान, घातक, वर्तणूक, सगळे शब्द शाळेत शिकवतात तस्से उच्चारले. वाचून झालं. मी वर बघितलं तेव्हा ती कागदाची घडी घालत होती. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी मान हलवली, जा बस म्हणून खूण केली. ती वळली. झालं, पेटी आत जाणार, असं मला वाटलं आणि स्वतःच्याच त्या समाधानाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात नववीच्या रांगेतून आवाज आला. खणखणीत. हॉटेलवाल्याच्या मुलीचा.

"कोण सांगतंय?"

मला वाटलं, संपलं. पण वाचणारा न सांगता खाली बसायला निघाला की विचारायचं, ही आमच्या वर्गाची पद्धत होती आणि वर्षभर ती एकदाही चुकली नव्हती. दाभोशाच्या मुलाने आवाज मिळवला. मग वारलीवाले, कोकणावाले, कारकुनांची पोरं, ड्रायव्हरांची पोरं, सगळ्यांनी मिळून विचारलं. कोण सांगतंय? कोणाला सांगतंय? कुणी उठून उभं राहिलं नाही, कुणी हात वर केला नाही. रांगेत मांडी घालून, हाताची घडी घालून, अगदी शिस्तीत बसून विचारत होते. मुख्याध्यापक शिट्टी शोधत होते. ती त्यांच्या गळ्यातच होती.

आणि मग तिसरा प्रश्न, सगळा वर्ग एका दमात.

"यात कोण राहिलं?"

ती अर्ध्या वाटेवर थांबली होती. हातात माफीचा कागद. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मुख्याध्यापकांकडेही नाही. तिला जे वाचायला सांगितलं होतं ते तिने वाचलं होतं, एक अक्षरही गाळलं नव्हतं. आता वर्गाने विचारलं होतं, तेव्हा उत्तर देणं भाग होतं.

"आजा," ती म्हणाली. "माझा आजा राहिला."

आंब्याखाली बसलेल्या म्हाताऱ्याला एवढंच कळलं की एवढ्या माणसांत आपलं नाव घेतलं गेलं. तो धडपडत उठला. डोक्याचं फडकं काढून काखेत धरलं, दोन पावलं पुढे आला आणि सगळ्या शाळेसमोर त्याने पुन्हा हात जोडले.

कुणी हसलं नाही. ती रांगा ओलांडून त्याच्याकडे गेली. त्याचे जोडलेले हात तिने धरले आणि सोडवायला लागली. तो सोडेना. तिने एकेक बोट सुटं केलं. मग त्याच्या एका हातात पेटीची एक कडी दिली, दुसरी आपण धरली आणि दोघं कुणालाही न विचारता पेटी घेऊन वसतिगृहाकडे चालायला लागली.